सोलापूर ते सम: वाळूत पहिल्यांदाच गाड्या घालणाऱ्या ग्रुपसाठी

फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी घेतली त्याच उन्हाळ्यात मी ती भीमेच्या कोरड्या पात्रात घातली. एकट्यानेच. शंभर फूटसुद्धा गेलो नसेन. गाडी जड वाटायला लागली म्हणून ॲक्सिलरेटर दाबला, चाकं गरगर फिरली आणि गाडी पोट टेकेपर्यंत जागच्या जागी खाली बसली. अर्ध्या तासाने उसाच्या फडाकडून एक ट्रॅक्टरवाला आला. मला वाटलं, आता हा दोर लावणार आणि हजार रुपये मागणार. त्याने खाली उतरून टायर अंगठ्याने दाबून बघितला आणि विचारलं, "हवा किती हाय ओ हिच्यात?" बत्तीस, म्हणालो. "मग कशी निघंल?" असं म्हणत त्याने एका काडीने चारी टायरांची हवा सोडली, चाकांसमोरची वाळू हाताने ओढून काढली आणि म्हणाला, "आता मागं घ्या. हळू." गाडी निघाली. दोर ट्रॅक्टरवरच राहिला.

त्यानंतर दोनदा ग्रुपने राजस्थानात जैसलमेरला, तिथल्या सम गावाजवळच्या वाळूत जाऊन आलो. तिथे जे शिकलो, त्यातलं निम्मं त्या काडीत आधीच होतं. उरलेलं निम्मं म्हणजे चार-पाच गाड्या एकत्र कशा चालवायच्या, आणि ते कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहितोय. डिसेंबर-जानेवारीत जायचं असेल तर सराव आधीच्या उन्हाळ्यातच आटपा आणि बाकीची तयारी दिवाळीच्या आधी सुरू करा.

गाडी कोणती चालते

थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ-एनचं फोर बाय फोर मॉडेल, फॉर्च्युनर, हायलक्स यांतली कुठलीही चालेल. मात्र नाव थार असलं म्हणजे ती थारच्या वाळवंटात चालेलच असं नाही. थार टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते, तेव्हा आपली कोणती ते बघून घ्या. टू-व्हील ड्राइव्ह असेल तर गाडी जैसलमेरच्या हॉटेलात ठेवा आणि मित्राच्या गाडीत शेजारी बसा. यात कमीपणा काही नाही. शेजारी बसूनच माणूस जास्त शिकतो.

हलकी गाडी वाळूत जड गाडीपेक्षा सुखी असते. जिम्नी साधारण १२०० किलोची आहे, थार तिच्याहून पाचेकशे किलोने जड. त्यामुळे जिथे थार कण्हते तिथून जिम्नी सहज निघून जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि थारवाल्यांची तोंडंही बघितलीत. ग्रुपमध्ये गाड्या मिसळ असतील तर रस्ता सगळ्यात जड गाडीला झेपेल असा निवडायचा.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी कूलंट, बेल्ट, बॅटरीचे टर्मिनल, एअर फिल्टर आणि ब्रेक तपासून घ्या. फोर लो, म्हणजे कमी वेगाचा पण जास्त जोराचा गिअर खरंच पडतो का, तेही घराजवळच बघा. पार्ट-टाइम फोर बाय फोर (हवं तेव्हाच चारी चाकांना जोर देणारी) असेल तर हे डांबरी रस्त्यावर करू नका, मातीत करा. डांबरावर चाकांना घसरायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो. आमच्या एका मित्राने फोर बाय फोरचा लिव्हर दोन वर्षांत एकदाही हलवलेला नव्हता. तो लिव्हर वाळवंटात पोहोचल्यावर अडकला.

हवा

हे प्रकरण सावकाश वाचा.

३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असलेला टायर वाळूत विळ्यासारखा शिरतो. हवा निम्मी केली की तो पसरतो, आणि आडवा कमी, लांबीला जास्त पसरतो. जमिनीला टेकणारा पट्टा लांब झाला की गाडीचं तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि टायर वाळू कापण्याऐवजी तिच्यावरून चालतो. मऊ रेतीत उंटाचा पाय का रुतत नाही, त्याचं कारणही हेच. त्याचा तळवा टेकला की पसरतो.

थार किंवा फॉर्च्युनरसारख्या गाडीला सुरुवातीला १६ ते १८, जिम्नीला १४-१५ पीएसआय ठेवा. रुतल्यावर १२ पर्यंत उतरा. १० च्या खाली नवशिक्याने जाऊच नये, कारण इतक्या कमी हवेत जोरात वळवलं तर टायर रिमवरून निसटतो. मग वाळूत जॅक लावण्याचा जो कार्यक्रम होतो तो दोन तासांचा असतो. म्हणून हवा कमी असताना झटक्यात वळायचं नाही, कचकन ब्रेक मारायचा नाही.

चांगला गेज घ्या. पेट्रोल पंपावरच्या आकड्यावर विसंबू नका. सगळ्या गाड्यांची हवा एकाच गेजने मोजा, नाहीतर प्रत्येकाचा सोळा वेगळा निघतो. आणखी एक सोपी युक्ती आहे. एका टायरची हवा ३२ वरून १६ वर यायला किती सेकंद लागले ते मोजून ठेवा. पुढच्या तिन्ही टायरांना तेवढेच सेकंद द्या आणि शेवटी गेज लावून खात्री करा. वॉल्व्हच्या टोप्या खिशात टाका, वाळूत ठेवलेली टोपी सापडत नाही.

परत डांबरावर आलात की आधी हवा भरा, मग चहा. कमी हवेचा टायर डांबरावर वेगात पळवला की त्याच्या भिंती तापतात आणि फुटतात. पंप अगदीच जवळ असेल तर तीसच्या वेगाने तिथपर्यंत जा, त्यापलीकडे नाही. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर प्रत्येक दोन गाड्यांमागे एक तरी हवा. तो थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडणारा घ्या. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर चार टायर भरेपर्यंत स्वतःच रुसतो.

सराव सोलापुरातच करा

वाळवंट इथून दीड हजार किलोमीटर दूर आहे. तिथे पोहोचल्यावर पहिल्यांदा हवा सोडणं म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये पुस्तक उघडणं.

भीमा-सीनेचं पात्र सगळ्यांना आठवतं, पण मी ते आता सुचवत नाही. वाळूउपशाचे खड्डे तिथे ठिकठिकाणी आहेत, काहींत पाणी असतं आणि वरून ते दिसत नाहीत. शिवाय उजनीतून भीमेत पाणी सोडतात, तेव्हा कोरडं दिसणारं पात्र एका रात्रीत भरतं. आणि संध्याकाळच्या वेळी पात्रात चार गाड्या उभ्या दिसल्या की वाळूचोरीचा संशय येतो तो वेगळाच. तलाठ्याला टायरचं शास्त्र समजावत बसायची हौस असेल तर गोष्ट निराळी.

त्यापेक्षा ओळखीतल्या कोणाचं तरी उन्हाळी नांगरट झालेलं रान बघा, अर्थातच विचारून. चैत्र-वैशाखात सुकलेल्या काळ्या ढेकळांत गाडी बरीचशी वाळूसारखीच जड होते. पावसाळ्यानंतर मात्र काळ्या रानात जाऊ नका. ओल्या काळ्या मातीचा चिखल टायरच्या खाचांत भरून बसतो आणि टायर गुळगुळीत होतो. तो वेगळा विषय आहे, त्याच्या सवयी वाळूत उपयोगी पडत नाहीत.

दोन रविवारी एवढं करा. हवा सोडणं आणि भरणं. ब्रेक न लावता, नुसता पाय काढून गाडी थांबवणं. थांबल्यावर फूटभर मागे घेऊन मग पुढे निघणं. आपल्याच चाकोरीतून पन्नास मीटर सरळ मागे येणं, फक्त आरशांत बघून. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं आहे. वाळवंटात गाडी टेकडी चढली नाही की याच एका कसबावर सगळं अवलंबून असतं.

नदीची वाळू आणि थारची वाळू यांतला फरकही डोक्यात असू द्या. नदीची वाळू जाड, खरबरीत असते. वाऱ्याने वर्षानुवर्षं घासलेली वाळवंटी वाळू बारीक, गोलसर असते आणि बोटांतून रव्यासारखी सुटते. बांधकामवाले तिला नाक मुरडतात ते म्हणूनच. भीमेत जिथे गाडी उभी राहील तिथे समच्या टेकडीवर ती वाहत खाली येते.

ग्रुप: दिंडीसारखा

किमान तीन गाड्या, चार ते सहा उत्तम. आठच्या वर गेलात तर दोन ग्रुप करा, कारण एक गाडी रुतली की वीस मिनिटं जातात आणि आठांपैकी कोणीतरी कायम रुतलेलं असतं. एकट्या गाडीने वाळूत जायचं नाही, अगदी "जरा पुढं जाऊन फोटो काढून येतो" एवढ्यासाठीसुद्धा नाही.

आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर दिंडी चालताना बघितली असेल. पताकावाला कुठे, टाळकरी कुठे, तुळस घेतलेल्या बाया कुठे, सगळं ठरलेलं. मधेच कोणी वाट सोडून पुढे पळत नाही. गाड्यांचंही तसंच बांधायचं.

सगळ्यात अनुभवी माणूस पुढे. त्याच्याखालोखाल अनुभवी माणूस सगळ्यात मागे. या शेवटच्या गाडीला मान मिळत नाही, पण तिच्याशिवाय ग्रुप नाही. दोर, फावडी, जादा पाणी तिच्यात, कारण रुतलेल्या गाडीपर्यंत मागून पोहोचणं सोपं असतं, पुढून वळून येणं अवघड. सगळ्यात नवखा माणूस पुढच्या गाडीच्या लगेच मागे ठेवा. म्हणजे ताजी चाकोरी त्याला दिसते आणि म्होरक्यालाही आरशात तो दिसतो. आमच्या पहिल्या वेळी नवख्याला "सेफ राहील" म्हणून मधे टाकलं होतं. तो कोणालाच नीट दिसत नव्हता.

नियम एकच आहे आणि तो न मोडता पाळायचा: प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची. आरशात मागची गाडी दिसेनाशी झाली की तुम्ही थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबेल, आणि असं करत म्होरक्यापर्यंत थांबा पोहोचेल. रेडिओ बंद पडला तरी हा नियम चालतो. पुढच्या गाडीच्या मागे धावणं हे नवख्याचं लक्षण. तिची काळजी तिच्या पुढचा घेतोय.

चढावर एका वेळी एकच गाडी. पुढची माथा ओलांडून खाली गेली आणि तिने "मोकळं आहे" म्हटलं, की मगच दुसरीने पाय टाकायचा. प्रत्येक गाडीला आठ-नऊ फूट उंच लवचिक काठी आणि तिच्या टोकाला भगवा किंवा लाल झेंडा लावा. माथ्यापलीकडून येणारी गाडी दिसण्याआधी झेंडा दिसतो. दोन गाड्या माथ्यावर समोरासमोर येणं हा वाळवंटातला सगळ्यात वाईट अपघात असतो.

वॉकीटॉकी घ्या. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट विनापरवाना वापरता येतात. ऑनलाइन मिळणारा प्रत्येक सेट त्या पट्ट्यातला नसतो, म्हणून घेताना बघून घ्या. सॅटेलाइट फोन मात्र परवानगीशिवाय जवळ ठेवू नका. परदेशातून कोणी आणून दिला असेल तर तो घरीच राहू द्या. तो सीमावर्ती जिल्हा आहे, तिथे हा विनोद होत नाही.

रेडिओवरची भाषा आधी ठरवा. सोलापूरचा ग्रुप म्हणजे एक मराठी, एक तेलुगू, एक कन्नड, एक हिंदी. घाबरल्यावर प्रत्येकजण आपापल्या आईच्या भाषेत ओरडतो. आमच्याकडे ठरलं: गाडीचा नंबर, काय झालं, काय हवं, एवढंच बोलायचं. "तीन नंबर, रुतलो, मागून या." बस. गाणी थांबल्यावर म्हणा.

काय न्यायचं

लांब दांड्याची दोन फावडी. ओढायचा लवचिक दोर, ज्याला कायनेटिक रोप म्हणतात तो. साखळी किंवा ट्रॅक्टरचा लोखंडी तारेचा दोर नको. तारेचा दोर तुटला तर चाबकासारखा परत येतो. शॅकल (दोर हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या) दोन-तीन, वजनमर्यादा कोरलेले. वाळूत चाकाखाली घालायच्या प्लास्टिकच्या पाट्या एक जोडी, नसतील तर जाड पोती. जॅकखाली ठेवायला फूटभर चौरस प्लायवूड, नाहीतर जॅकच वाळूत जातो. अग्निशामक, प्रथमोपचार, टॉर्च, टायरचं पंक्चर किट.

आणि एक जुनी सोलापुरी चादर. चेष्टा नाही. ओढताना दोराच्या मधोमध जड कापड टाकायचं असतं, म्हणजे दोर तुटलाच तर टोक उडत नाही, खाली पडतं. त्यासाठी बाजारात खास पिशव्या मिळतात. ओली केलेली आपली चादर तेच काम करते, आणि रात्री वाळली की पांघरायलाही होते. डिसेंबरात तिथली रात्र पाच-सहा अंशांपर्यंत उतरते.

पाणी माणशी दिवसाला पाच-सहा लिटर, शिवाय गाडीमागे दहा लिटर वेगळं. खायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि गूळ. आठवडाभर काही होत नाही आणि गॅस पेटवावा लागत नाही. वाळूत इंधन रस्त्यापेक्षा दीडपट-दुप्पट जातं, तेव्हा टाकी अर्ध्याच्या खाली आली की परत फिरायचं. गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बांधा. पाण्याचा वीस लिटरचा कॅन मागून पुढे आला तर काय होतं, ते माझ्या मेहुण्याच्या खांद्याला विचारा.

जाणं, आणि कुठे जायचं नाही

पुण्यावरून अहमदाबाद, तिथून जैसलमेर, म्हणजे साधारण चौदाशे-पंधराशे किलोमीटर. दोन मुक्काम करा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचून लगेच वाळूत जायचा मोह होतो. झोपा.

सम जैसलमेरपासून ४० किलोमीटरच्या आसपास आहे, खुरी त्याहून थोडं लांब. समच्या मुख्य टेकड्यांवर उंट, पर्यटक, लहान मुलं असतात. माथ्याच्या पलीकडे कोण बसलंय ते दिसत नाही. म्हणून तिथे गाडी न घालता गावातला माहीतगार माणूस ठरवा आणि तो नेईल त्या मोकळ्या रेतीत जा. त्याला कोणाची जमीन कुठे, कुठे जायला मनाई, हे सगळं ठाऊक असतं. तिकडे टेकडीला 'धोरा' म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा. सीमेकडच्या बऱ्याच गावांत बाहेरच्यांना प्रशासनाची परवानगी लागते, ती चौकशी निघण्याआधी करा.

डेझर्ट नॅशनल पार्कची हद्दही याच भागात आहे, ३१६२ चौरस किलोमीटर, आणि ती सगळीकडे कुंपणाने आखलेली नाही. तिच्यात गाडी घालायची नाही. आपल्या नान्नजचा माळढोक आठवा. तिकडे त्यालाच गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे, आणि जगात उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. मादी उघड्या जमिनीवर बहुतेक वेळा एकच अंडं घालते. नान्नजला आता तो दिसला तर नशीब. जिथे उरलाय तिथे आपल्या टायरखाली यायला नको.

पहिला तास

सकाळी निघा. रात्रीच्या गारव्याने आणि दवाने वाळू थोडी घट्ट असते, दुपारी तीच सुटी होते. दुसरं कारण उजेडाचं. डोक्यावर सूर्य आला की सावल्या जातात आणि पुढचा खड्डा, पुढचा कडा सगळं सपाट पांढरं दिसतं. बारा ते तीन गाड्या बंद, जेवण आणि झोप. संध्याकाळी पाचला काहीही झालं तरी बाहेर.

वाळूच्या काठावर थांबून हवा सोडा, फोर बाय फोर टाका, ईएसपीचं (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं) बटण दाबून बंद करा. ते चालू असेल तर चाक जरा घसरलं की कॉम्प्युटर स्वतःच इंजिनचा जोर कापतो, नेमका जेव्हा तो हवा असतो तेव्हा. सगळ्यांचे पट्टे लागलेले, काचा अर्ध्या वर, हात आत. स्टिअरिंग धरताना अंगठे दांड्यांच्या आत अडकवू नका. चाक काही आपटलं की स्टिअरिंग झटका देतं.

स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला, चाकं सरळ असताना, रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा. वाळूत चाकं सरळ आहेत की वळलेली, हे हाताला कळत नाही. वळलेली पुढची चाकं नांगरासारखी वाळू ढकलत राहतात आणि माणूस म्हणतो, गाडीत दम नाही.

पहिला तास सपाट रेतीत काढा. मॅन्युअल असेल तर फोर लोमध्ये दुसऱ्या गिअरला निघा, तिसऱ्यात राहा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून ठेवा. वेग एकसारखा राहू द्या. जोर आणि गती यांत गल्लत करू नका. गाडीला गती लागते, इंजिनची बोंब नाही. थांबायचं असेल तर पाय काढा, वाळूच थांबवते. ब्रेक मारला की चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना तोच आडवा येतो. थांबायची जागा नेहमी उताराकडे तोंड करून निवडा.

टेकडी

वाऱ्याच्या बाजूचा उतार लांब, सौम्य आणि घट्ट असतो. दुसरी बाजू, जिथे वाळू माथ्यावरून घसरून साठते, ती साधारण ३२-३४ अंशांची आणि भुसभुशीत असते. चढायचं घट्ट बाजूने, उतरायचं मऊ बाजूने. उलटं करायचा प्रयत्न पहिल्या सहलीत नको.

चढण्याआधी उतरा आणि पायी माथ्यावर जाऊन पलीकडे बघा. दम लागतो, पण पलीकडे कडा आहे, खळगा आहे की उंटवाल्याचं पोरगं झोपलंय, ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही.

गती खाली, सपाटीवरच घ्या. चढावर गिअर बदलू नका, बदलताना क्षणभर जो जोर तुटतो तेवढ्यात वाळू गाडी धरते. टेकडीला नाक सरळ काटकोनात लावा. माथा जवळ आला की पाय हळू काढा, गाडी माथ्यावर जेमतेम पोहोचून पुढे झुकली पाहिजे. उडवायची नाही. सिनेमात उडतात त्या गाड्यांचे पुढचे ॲक्सल नंतर कोण बदलतं ते दाखवत नाहीत. खूप लवकर पाय काढला तर गाडी माथ्यावर पोटाने अडकते, चारी चाकं हवेत लोंबतात. लाज वाटेल, पण नुकसान होत नाही. दोन्हींतलं हेच निवडा.

चढ अर्ध्यात संपला, गाडी थांबतेय असं वाटलं, तर वळायचं नाही. कधीच नाही. थांबताच रिव्हर्स टाका आणि आपल्याच चाकोरीतून सरळ खाली या. क्लच दाबून गडगडत येऊ नका, इंजिनला धरून ठेवू द्या. चढावर आडवी झालेली गाडी लोळते. नांगरटीत केलेला तो कंटाळवाणा सराव याच वेळेसाठी होता.

उतरताना फोर लो, पहिला किंवा दुसरा गिअर, ब्रेकवरून पाय दूर. मागचा भाग एका बाजूला सरकायला लागला तर मन म्हणतं ब्रेक मार. मारू नका. नाक उताराकडे वळवा आणि ॲक्सिलरेटरला किंचित स्पर्श करा, गाडी सरळ होते. हे वाचून कळत नाही, एकदा छोट्या टेकडीवर मुद्दाम करून बघा.

टेकड्यांच्या मधले खोलगट वाडगे फसवे असतात. बाहेर पडायची वाट डोळ्यांनी दिसल्याशिवाय तळाला जायचं नाही. तळाची वाळू सगळ्यात सुटी असते आणि गती घ्यायला जागा नसते.

रुतल्यावर

रुतणारच. दिवसातून चार-पाचदा. पहिलं काम, पाय काढा. चाक एकदा फिरलं आणि गाडी पुढे सरकली नाही, तिथेच थांबा. पुढचे दहा सेकंद दाबून ठेवलेला ॲक्सिलरेटर पुढची अर्ध्या तासाची फावडेगिरी विकत घेतो.

मग रेडिओवर सांगा, खाली उतरा, बघा. चाकं सरळ करा. आधी आल्या वाटेने मागे निघते का बघा, दहातल्या सात वेळा निघते. नाही निघाली तर चाकांपुढची आणि मागची वाळू काढा, आणि गाडीच्या पोटाखालची. पोट टेकलं असेल तर चाकांना काही करता येत नाही, सगळं वजन वाळूनेच उचललेलं असतं. हात खाली घालण्याआधी, विशेषतः संध्याकाळी, फावड्याने ढवळून घ्या. फुरसं आपल्याकडे माळावर असतं तसं तिथेही असतं. हवा १२ वर आणा. दोघा-तिघांनी बाजूने ढकला. चाकाखाली पाटी घातली असेल तर त्या चाकाच्या रेषेत मागे-पुढे कोणी उभं राहायचं नाही, ती पाटी उडते.

एवढं करूनही नाही निघाली तर दोर. इथे घाई करू नका, कारण वाळवंटात माणसं वाळूने कमी आणि दोराने जास्त दुखावतात. दोर फक्त चासीला बोल्टने बसवलेल्या, ओढण्यासाठीच दिलेल्या हुकाला लावा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही लावू नका. तो गोळा झटक्याने तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा काचेतून आत येतो. बंपरच्या झाकणीमागे स्क्रूने बसणारा हुक सपाट रस्त्यावर हळू ओढण्यासाठी असतो, झटक्यासाठी नाही. चादर ओली करून दोरावर टाका. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात फक्त दोन चालक, गाडीत. बाकी सगळे लांब, मोबाइलवाले त्याहून लांब. सूचना एकानेच द्यायच्या. कायनेटिक दोर थोडा सैल ठेवून ओढणारी गाडी सावकाश निघते, दोर ताणला जातो आणि तो ताणच गाडी उचलून बाहेर काढतो. पहिला प्रयत्न अगदी हलका करा. दोनदा नाही जमलं तर ताकद वाढवू नका, पुन्हा फावडं घ्या.

परतताना

झुडपांतून गेला असाल तर डांबरावर यायच्या आधी गाडीखाली बघा. सुकं गवत सायलेन्सरला अडकलं की पेट घेतं. हवा भरा, टू-व्हीलमध्ये आणा, चाकांचे नट पाना लावून बघा. रिमच्या आत वाळू साठली असेल तर साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस अलाइनमेंट बिघडली म्हणून घाबरतो. आधी रिम आतून धुवा.

सोलापुरात आल्यावर गाडी खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्या, ब्रेक उघडून साफ करा, एअर फिल्टर बदला. गेल्या वेळी मेकॅनिकने माझा फिल्टर उघडला आणि वर्तमानपत्रावर झटकला. मूठभर पिवळी, बारीक वाळू पडली. त्याच्या पोराने ती गोळा करून औषधाच्या बाटलीत भरली आणि गॅरेजच्या फळीवर ठेवली, ती अजून तिथेच आहे.